खिडकीतली पाटी

माझी पहिली पाटी दगडी होती. लाकडी चौकटीची, एका कोपऱ्याचा टवका उडालेली, थोरल्या भावाकडून माझ्याकडे आलेली. पुढे मी शिक्षिका झाले तेव्हाही पहिलीच्या वर्गात पाट्याच होत्या. मग पत्र्याच्या आल्या, मग प्लास्टिकच्या, मग वह्या. पण इतकी वर्षं पाटीशी संबंध येऊनही हा काळा दगड येतो कुठून, हा प्रश्न ना मला पडला ना माझ्या एकाही विद्यार्थ्याने विचारला. आपल्याकडच्या बऱ्याचशा पाट्या आंध्रातल्या मार्कापूरच्या खाणींतून यायच्या, हे मला निवृत्त झाल्यावर समजलं! असो.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे बेथेस्डा नावाचं एक गाव.

२०२२च्या उन्हाळ्यात मी तीन महिने लेकीकडे होते. लेक आणि जावई वेल्सच्या उत्तरेला बॅंगोर गावात राहतात. दोघं कामावर गेली की मी घरात एकटी. तिथे शेजारी जाऊन बसण्याची पद्धत नाही. मग मी बसने भटकायला लागले. बॅंगोरहून डोंगराच्या दिशेने वीसेक मिनिटांवर बेथेस्डा. "आई, तिथे बघण्यासारखं काही नाही गं," लेक म्हणाली. तिचं बरोबर होतं. एक लांबलचक रस्ता, दोन्ही बाजूंना घरं आणि दुकानं, चार-पाच हजार वस्ती, वर ढग. आणि गावाच्या पाठीशी डोंगरच्या डोंगर दगडाच्या चिपांचे. जांभळट, करडे, पावसात चमकणारे. छपरावर तोच दगड, उंबऱ्याला तोच, कुंपणाला तोच, कबरींवर तोच. मी बसमधून उतरले, एक चीप उचलली, नखाने ओढून पाहिलं. पाटीच की ही!

त्या दिवसापासून मी आठवड्यातून दोनदा तरी तिथे जायची. गावच्या लायब्ररीतल्या बाईंशी ओळख झाली. त्या इंग्रजी पुस्तकं काढून द्यायच्या आणि स्वतः मात्र येणाऱ्या-जाणाऱ्यांशी वेल्श भाषेत बोलायच्या. आपण म्हणतो "इंग्लंडला गेले होते", पण तिथे असं म्हणू नये बरं का मंडळी. वेल्स म्हणजे इंग्लंड नव्हे. बेथेस्डात तर दुकानात, बसमध्ये, पोराबाळांच्या तोंडी, सगळीकडे वेल्शच ऐकू येते.

गावाचं नाव बायबलमधलं. जेरुसलेममधल्या ज्या तळ्याच्या पाण्याने आजारी बरे होत, ते बेथेस्डा. १८२० साली इथे त्या नावाचं चॅपल बांधलं गेलं, आणि भोवती वाढलेल्या वस्तीला चॅपलचंच नाव पडलं. आपल्याकडे देवळावरून गावाला नाव पडतं तसंच. चॅपल म्हणजे सरकारी मान्यतेच्या इंग्लिश चर्चपासून फटकून असलेल्या, साध्यासुध्या ख्रिस्ती लोकांची प्रार्थनेची जागा. कामगार चॅपलचे, जमीनदार चर्चचा. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

गावातून जाणारा रस्ता थॉमस टेलफर्ड या इंजिनिअरने बांधलेला लंडन ते होलीहेडचा मोठा रस्ता. या रस्त्याची एक गंमत लायब्ररीतल्या बाईंनी सांगितली. म्हणाल्या, "जाताना बघा, दारूचे गुत्ते सगळे एकाच बाजूला आहेत." (त्या पब म्हणाल्या, गुत्ते हा माझा शब्द.) खरंच, सगळे एका बाजूला! कारण रस्त्याची दुसरी बाजू पेनरिन इस्टेटीची हद्द होती आणि इस्टेटीच्या जमिनीवर पबला परवानगी नव्हती. मालकाची हद्द कुठे संपते हे शे-दोनशे वर्षांनंतरही नुसतं रस्त्यावरून चालताना कळतं.

हा मालक म्हणजे पेनरिनचा लॉर्ड. घराणं पेनंट. १७८२च्या सुमारास रिचर्ड पेनंटने डोंगरात ठिकठिकाणी खणणाऱ्या लोकांकडून काम स्वतःच्या हाती घेतलं आणि एक मोठी खाण सुरू केली. त्याला पैसा कुठून आला? जमैकातल्या उसाच्या मळ्यांतून. तिथे राबायचे आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. हा गृहस्थ पार्लमेंटात बसून गुलामांचा व्यापार बंद करायला विरोध करत होता. पुढे गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हा ब्रिटिश सरकारने नुकसानभरपाई दिली. गुलामांना नाही हो, मालकांना! पेनंट घराण्याला ७६४ माणसांबद्दल १४,६८३ पौंड मिळाले. बॅंगोरजवळचा त्यांचा किल्ला मी लेकीबरोबर पाहून आले. किल्ला म्हणायचा इतकंच, लढाईसाठी नव्हे तर एकोणिसाव्या शतकात हौसेखातर बांधलेला. तिथे एक टन वजनाचा दगडी पलंग आहे, पाटीच्याच दगडाचा, १८५९ साली व्हिक्टोरिया राणी येणार म्हणून केलेला. राणी त्यावर झोपायला तयार झाली नाही म्हणे. मला तरी राणीचं पटलं.

खाण मात्र बघत राहावी अशी. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापत नेलेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाटीच्या दगडाची ही जगातली सगळ्यात मोठी खाण होती. जवळजवळ मैलभर लांब, बाराशे फूट खोल, आणि कामाला सुमारे तीन हजार माणसं. इथली कौलं देशोदेशीच्या छपरांवर चढली. त्या कौलांच्या मापांना नावंही कशी, तर डचेस, काउंटेस, लेडी. चोवीस इंच लांब ती डचेस, वीस इंची ती काउंटेस, सोळा इंची लेडी. उभा जन्म काउंटेस आणि लेडी तासण्यात घालवणारा माणूस राहायचा मात्र दोन खोल्यांत.

काम करायची पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण सगळं रामायण त्यावरूनच घडलं. कामगारांना रोजाने पगार नव्हता. चार-सहा जणांची टोळी असायची. दर महिन्याला मालकाचा कारभारी येऊन टोळीला डोंगराचा सहा यार्ड रुंदीचा तुकडा नेमून देई, आणि त्या तुकड्याचा भाव उभ्या-उभ्या ठरे. दगड चांगला असेल तर भाव कमी, वाईट असेल तर जास्त. याला ते 'बार्गेन' म्हणत. टोळीतले दोघं मांडीला साखळी गुंडाळून कड्यावर लोंबकळत सुरुंगाची भोकं पाडत, बाकीचे शेडमध्ये बसून छिन्नीने दगडाचे पापुद्रे काढत. सुरुंगाची दारू, हत्यारांना धार लावणं, सगळा खर्च टोळीचा. कारभारी मर्जीतल्यांना चांगला दगड देई, लाच खाई, हेही होतंच. पण तरीही या माणसांच्या मनात एक गोष्ट पक्की होती. आम्ही मजूर नाही, आम्ही ठेका घेतलेले कारागीर आहोत. भाव ठरवताना मालकाच्या माणसाशी आम्ही बोलतो. आमच्या कामावर मुकादम नको.

दुपारच्या सुट्टीत ही मंडळी एका दगडी खोपट्यात जमायची. त्याला म्हणायचे 'कॅबान'. चहा उकळत ठेवलेला, आणि भाकरतुकडा खाताखाता वादविवाद, कविता, गाणी, बायबलवर चर्चा, राजकारण. या चहाची आणखी एक गोष्ट वाचली आणि कपाळाला हात लावला. दगडाची धूळ छातीत जाऊन माणसं खोकून खोकून मरत होती, तर खाणींच्या डॉक्टरांनी निदान केलं की धुळीचा काही दोष नाही, हे लोक चहा फार उकळतात! तसं असतं तर आपल्या महाराष्ट्रात कोणी उरलंच नसतं. या धुळीच्या आजाराबद्दल पाटीच्या खाणकामगारांना भरपाई देणारा कायदा व्हायला १९७९ साल उजाडलं.

आणि हीच माणसं शिक्षणासाठी पैसे काढत होती, हे वाचून मास्तरणीचा जीव भरून आला. १८८४ साली बॅंगोरला कॉलेज निघालं, त्यासाठी खाणकामगारांनी आपल्या मजुरीतून वर्गणी दिली होती. ५८ विद्यार्थ्यांनी ते सुरू झालं. जागा कोणती? 'पेनरिन आर्म्स' नावाचं जुनं हॉटेल, म्हणजे पुन्हा त्याच लॉर्डची मालमत्ता. त्या मुलुखात श्वास घ्यायचा तरी त्याच्या हद्दीत.

कामगारांची युनियन १८७४ साली झाली आणि काही वर्षं खाणीत तिच्या कमिटीचं ऐकलंही जात होतं. १८८५ साली नव्या लॉर्डने ते बंद केलं आणि लंडनहून ई. ए. यंग नावाचा मॅनेजर आणला. पेशाने हिशेबनीस, वेल्श भाषेचा गंध नाही. मी अनेक हेडमास्तरांच्या हाताखाली काम केलं आहे. ज्याला माणसं दिसत नाहीत आणि नुसते आकडे दिसतात, तो स्वतः वाईट असतोच असं नाही, पण त्याच्या हाताखालची शाळा बिघडते. १८९६-९७ साली अकरा महिने खाण बंद राहिली. कामगार हरले. नंतर खाणीच्या आवारात युनियनची वर्गणी गोळा करायलाही बंदी झाली. वर टोळ्यांची पद्धत मोडून कंत्राटदार आणायला सुरुवात झाली. म्हणजे नेमका तोच मुकादम!

ऑक्टोबर १९००मध्ये काही कामगारांनी कंत्राटदारांना मारहाण केली. २६ जणांवर खटले झाले. त्यांना पाठिंबा द्यायला बाकीचे कामगार बॅंगोरच्या कोर्टापर्यंत चालत गेले, म्हणून सगळ्यांनाच चौदा दिवस कामाबाहेर ठेवलं. परत आले तर खाणीतल्या आठ पायऱ्या बंद, आठशेच्या आसपास माणसांना बार्गेनच नाही. २२ नोव्हेंबर १९०० रोजी सुमारे २८०० माणसं हत्यारं गोळा करून बाहेर पडली.

पुढची तीन वर्षं ती परत गेली नाहीत.

तीन वर्षं म्हणजे किती, हे जरा शाळेच्या हिशेबाने बघा. पहिलीतलं पोर चौथीत जातं. तेवढे दिवस घरात पगार नाही. युनियनची तुटपुंजी मदत आणि लोकांची वर्गणी. बेथेस्डाची गाणारी मंडळी, त्यात बायकांचाही एक संघ, इंग्लंडभर गाणी गाऊन पैसे जमवत फिरत होते. शेकड्यांनी पुरुष दक्षिण वेल्सच्या कोळसा खाणींत गेले. कोणाचे परत आले, कोणाचे नाहीत.

जून १९०१मध्ये लॉर्डने खाण पुन्हा उघडली आणि काही शे माणसं कामावर गेली. पहिल्या दिवशी आलेल्यांना प्रत्येकी एक सोन्याचं नाणं, एक पौंडाचं, आणि पगारात पाच टक्के वाढ. गावाने त्या नाण्याचं नाव ठेवलं 'पुंट अ गन्फॉन', म्हणजे शेपटीचा पौंड. मालकापुढे शेपूट हलवल्याबद्दल मिळालेला! लायब्ररीतल्या बाईंना मी सांगितलं की आमच्याकडेही हेच म्हणतात, तर त्यांना फार मौज वाटली.

आणि मग गावातल्या घराघरांच्या खिडकीत एक पाटी लागली. दगडी नव्हे, छापील पुठ्ठ्याची. वेल्श भाषेत एकच ओळ, 'नीद ऑइस ब्रादूर अन् अ टी हून'. या घरात फितूर नाही.

त्या पाटीचा फोटो मी पुस्तकात कितीतरी वेळ पाहत बसले. पहिल्यांदा पाहिला तेव्हा अंगावर काटा आला, केवढा हा बाणा म्हणून. घरात चूल पेटत नाही पण खिडकीत पाटी आहे. पण घरी जाताना बसमध्ये दुसराच विचार डोक्यात शिरला. ती पाटी ज्या घरावर आहे त्या घराबद्दल काही सांगत नाही. ती सांगते शेजारच्या घराबद्दल, जिथे पाटी नाही. आळीत वीस घरं आणि अठरा खिडक्यांत पाटी असेल, तर उरलेल्या दोन घरांवर न लावलेली पाटी लागलेलीच असते. आणि एखाद्या रात्री, पोर तापाने फणफणलेलं असताना, कोणा बाईने खिडकीतली पाटी काढून घेतली असेल तर? सकाळी सगळ्या गल्लीने ते पाहिलं असेल. नवरा कामावर जायच्या आधीच बातमी गेली असेल.

कामावर गेलेल्यांशी गावाने व्यवहार तोडला. रस्त्यात हुर्यो, दगडफेक, सैन्य आणण्यापर्यंत गोष्ट गेली. नावं छापून प्रसिद्ध झाली. चॅपलमध्ये एका बाकावर बसणारे भाऊ-भाऊ वेगळे झाले, आणि काही घरांनी चॅपल सोडून मालकाच्या चर्चची वाट धरली. लॉर्डने आपल्या मर्जीतल्यांसाठी जवळच ट्रेगार्थला घरांच्या रांगा बांधून दिल्या, म्हणजे राहण्याची गावंही वेगळी. मालकही गप्प नव्हता. युनियनचे जुने पुढारी डब्ल्यू. जे. पॅरी यांच्यावर त्याने अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९०३ साली ५०० पौंड वसूल करून घेतले.

नोव्हेंबर १९०३मध्ये संप संपला. पदरात काही पडलं नाही. पुढाऱ्यांना परत घेतलंच नाही. पाटीच्या दगडाचा धंदाही नंतर पहिल्यासारखा कधी उभा राहिला नाही. खाण पेनंट घराण्याकडे १९६४पर्यंत होती.

आता एक सांगायचं आहे, ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. १९७७-७८च्या हिवाळ्यात आपल्याकडे सरकारी-निमसरकारी कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप झाला. आम्ही शिक्षकही त्यात होतो. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, नवी नोकरी, उत्साह दांडगा. आमच्या शाळेतले गणिताचे एक सर चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास मस्टरवर सही करून आले. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती, तीन पोरं, बायकोला नोकरी नाही. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. तरी संप मिटल्यावर दोन वर्षं स्टाफरूममध्ये त्यांच्याशी कोणी बोललं नाही. चहाचा कप त्यांच्यापर्यंत जायचाच नाही. ते खिडकीशी वह्या तपासत बसायचे. कोणी ठराव केला नव्हता, आणि मी काही त्यात पुढे नव्हते. पण चहाची किटली बऱ्याचदा माझ्याच हातात असायची.

बेथेस्डाला तीन वर्षांची उपासमार होती, आमचे पुरते दोन महिनेही नव्हते. तुलना करू नये हे कळतं. त्या खाणकामगारांनी पाट्या लावल्या नसत्या तर तीन वर्षं ते टिकले असते का? मला नाही वाटत. एकजूट ही अशी धाकानेही टिकते, आणि मालकाकडे सोन्याची नाणी असताना गरिबाकडे दुसरं काय असतं? तरीही ती न लावलेली पाटी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

निघायच्या आठवड्यात मी लायब्ररीतल्या बाईंना भीत भीत विचारलं, "तुमचं घराणं कोणत्या बाजूचं?" त्या जराशा थांबल्या. "दोन्ही," म्हणाल्या. "आईचे आजोबा आत गेलेले, वडिलांचे बाहेर राहिलेले. माझ्या आईवडिलांचं लग्न ठरलं तेव्हा घरात खूप बोलणी झाली म्हणे. कशावरून, ते मला कोणी सांगितलं नाही. मी मोठेपणी पुस्तकात वाचलं." किल्ला पाहायला त्या कधीच गेलेल्या नाहीत. मी जाऊन आले आहे हे सांगायचं मी टाळलं.

आज खाणीच्या एका भागात अजून दगड निघतो. दुसऱ्या भागात पाणी साठून निळंशार तळं झालं आहे आणि त्यावरून २०१३पासून पर्यटक तारेला लटकून सुसाट जातात. पैसे देऊन, किंचाळत. त्याच कड्यांवर मांडीला साखळी बांधलेली माणसं लोंबकळायची. २०२१ साली युनेस्कोने हा सगळा मुलूख जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. ज्या रेल्वेने बेथेस्डाची माणसं बॅंगोरला जायची तिचे रूळ केव्हाच उखडले, त्या वाटेवर आता सायकली चालतात. जावयाने मला सायकलवर बसवायचा प्रयत्न केला, तो मी हाणून पाडला.

गणिताचे सर आता नव्वदीकडे झुकले आहेत, मुलाकडे नाशिकला असतात. त्यांना मी बेथेस्डाहून एक चित्राचं कार्ड पाठवलं, खाणीचं. मागच्या बाजूला काय लिहावं ते सुचेना. शेवटी तब्येतीची चौकशी केली आणि इथे फार पाऊस आहे असं लिहिलं. उत्तर आलं नाही. मग त्या दिवाळीत फोन आला. पाऊण तास बोलले, बहुतेक वेळ गुडघ्यांबद्दल.